फरशी बदलण्यापूर्वी : घरदुरुस्तीत तज्ज्ञाची गरज नेमकी कोठे सुरू होते?

कल्याण पूर्व येथील एका चार मजली इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि त्याचा भार खालच्या मजल्यांवर येऊन सहा जणांचा मृत्यू झाला. ज्या सदनिकेत काम सुरू होते, तिच्या मालकाविरुद्ध पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यापूर्वी १० फेब्रुवारी २०२२ रोजी हरियाणातील गुरुग्राममध्ये सेक्टर १०९ मधील एका उच्चभ्रू संकुलात असाच प्रकार घडला होता. सहाव्या मजल्यावरील सदनिकेत नूतनीकरण सुरू असताना स्लॅब कोसळत थेट खालपर्यंत गेला व दोन महिलांना प्राण गमवावे लागले.

एक इमारत मध्यमवर्गीय वस्तीतील, दुसरी महागड्या संकुलातील. दोन्ही ठिकाणी सुरू असलेले काम मात्र दरवर्षी देशातील लाखो घरांत होते, तसेच साधे होते. त्यामुळे घरातील कोणते काम मिस्त्रीवर सोपवावे आणि कोणत्या कामासाठी अभियंत्याला बोलवावे, हा प्रश्न आता केवळ कुटुंबाच्या खर्चाचा राहिलेला नाही. तो शेजाऱ्यांच्या जीविताचाही झाला आहे.

परवानगी आणि सुरक्षितता

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक नागरिक परवानगीच्या नियमांत शोधतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींनुसार गिलावा, रंगकाम, फरशी बसवणे किंवा बदलणे अशा कामांना इमारत परवाना लागत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्येही इमारतीतील फेरबदलांची सूचना प्रशासनाला देण्याची तरतूद असून, किरकोळ दुरुस्ती त्यातून वगळण्यात आली आहे. सामान्य माणसाला प्रत्येक खिळ्यासाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हा या सवलतींचा हेतू रास्तच आहे.

मात्र 'परवानगी लागत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावला जातो आणि तेथेच गल्लत होते. कायद्याच्या दृष्टीने फरशी बदलणे किरकोळ असेल. स्लॅबच्या दृष्टीने ते तसे असेलच असे नाही.

वजनाचे गणित

भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांच्या स्लॅबची रचना करताना माणसे, फर्निचर व सामान यांचा वापरातील भार साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरला जातो. जुनी फरशी फोडण्याचा त्रास व आवाज टाळण्यासाठी अनेकदा तिच्यावरच नवी फरशी बसवली जाते. पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. त्यावर दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसवल्यास आणखी सुमारे ५५ किलो वाढतात. म्हणजे माणसांसाठी व सामानासाठी राखलेल्या क्षमतेचा तीन चतुर्थांश इतका भार केवळ नव्या फरशीने, तोही कायमचा, वाढतो.

कामाच्या दिवसांत धोका अधिक असतो. सिमेंटच्या ५० किलोच्या ५० गोण्या दोन मीटर लांबी-रुंदीच्या जागेत रचल्या, तर तेथील भार चौरस मीटरला ६०० किलोच्या वर जातो. वाळू, फरशीची खोकी आणि फोडलेला राबिट एकाच कोपऱ्यात साठवणे हे तर नित्याचेच दृश्य. सुस्थितीतील स्लॅब हा ताण कदाचित सोसेल. परंतु आतील सळ्या गंजलेल्या असतील, त्यात ब्रेकर यंत्राच्या हादऱ्यांची भर पडली, तर निकाल वेगळा लागू शकतो. गुरुग्रामच्या दुर्घटनेनंतर भारतीय तंत्रज्ञान संस्था, दिल्लीच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत तो टॉवर राहण्यास असुरक्षित ठरला व बांधकामाच्या मूळ दर्जातील दोष उघड झाले. नूतनीकरणाने त्या आधीच्या दुबळेपणाला वाट करून दिली, असेच म्हणावे लागेल.

भिंत कोणाची?

फरशीखालोखाल जोखमीचे काम भिंतींचे. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी कोसळलेल्या इमारतीत १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. माझगाव येथे २७ सप्टेंबर २०१३ रोजी महापालिका कर्मचाऱ्यांची वसाहत कोसळून ६१ जणांचा बळी गेला. तेथेही तळमजल्यावरील फेरबदलांकडे बोट दाखवण्यात आले.

खांब आणि तुळया यांना हात लावू नये, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. भिंतीबाबत मात्र गैरसमज आढळतात. काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत आतील पातळ विटांची भिंत सहसा भार पेलत नाही. जुन्या चाळी, वाडे व बैठ्या घरांत मात्र भिंतच वरचा मजला किंवा छप्पर तोलून धरते. अलीकडच्या अनेक उंच इमारती 'मायवान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम साचांच्या पद्धतीने उभ्या राहतात. त्यांत घरातील भिंतीही काँक्रीटच्या असून त्याच इमारतीचा भार वाहतात. तेथे वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेली खाचही सळी कापू शकते. कोणती भिंत कोणत्या प्रकारची, हे ठोकून पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी मूळ संरचनात्मक नकाशे आणि ते वाचणारा अभियंता लागतो.

विजेच्या नियमांनी आखलेली रेषा

स्वतः करावयाचे काम आणि तज्ज्ञाचे काम यांतील सीमारेषा सर्वांत स्पष्टपणे विजेच्या नियमांत आढळते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार विद्युत मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावयाचे आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच व घरगुती उपकरणे बदलण्यास त्यातून सूट आहे. पण त्या बदलामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. साहजिकच बिघडलेला स्विच बदलणे घरच्या घरी होऊ शकते. जुन्या तारेवर गिझर किंवा वातानुकूलन यंत्र जोडणे मात्र क्षमतेतील बदल ठरतो. स्वयंपाकाच्या गॅसवाहिनीची जागा बदलण्याचे कामही गॅस कंपनीच्या अधिकृत कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावयास हवे.

हाच निकष इतर कामांना लावता येतो. नळ, बिजागरी, रंग, कपाट यांची दुरुस्ती जुनी वस्तू काढून तशीच नवी बसवण्यापुरती असते. न्हाणीघराची जागा हलवणे, गच्चीवर पाण्याची टाकी किंवा बाग करणे, बाल्कनी खोलीत घेणे, पोटमाळा चढवणे यांमुळे भार, पाण्याचा मार्ग किंवा भार वाहणारा घटक बदलतो. स्लॅबवर गंजाचे डाग, सळ्यांच्या रेषेत गेलेल्या भेगा, पोकळ आवाज देणारा गिलावा दिसत असेल, तर साधे कामही तपासणीपूर्वी हाती घेऊ नये.

तज्ज्ञ कोणास म्हणावे?

येथे व्यवस्थेतील उणीव समोर येते. वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते. स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. संरचना अभियंत्यांना परवाने प्रामुख्याने स्थानिक संस्थांकडून मिळतात. अंतर्गत सजावटीचे काम घेणाऱ्याला तर अशी कोणतीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. परिणामी सजावटकाराने सुचवलेला व मिस्त्रीने मान्य केलेला बदल अभियंत्याच्या नजरेखालून न जाताच अमलात येतो. अभियंत्याचे शुल्क अनावश्यक वाटते, हेही त्यामागील वास्तव कारण आहे. एकूण खर्चाच्या तुलनेत एका पाहणीचे शुल्क सहसा अल्प असते. परंतु त्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही, फरशीची चकाकी दिसते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतींसाठी दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. तो अहवाल बहुधा कपाटात राहतो. सदस्याने दुरुस्तीसाठी अर्ज केला की कामाची वेळ, उद्‌वाहनाचा वापर आणि राबिट हलवण्याची अनामत यांची चौकशी होते; त्याच्या घरातील स्लॅबविषयी अहवाल काय सांगतो, हे क्वचितच पाहिले जाते. अर्जासोबत कामाचे स्वरूप, वाढणारे वजन आणि गरजेनुसार अभियंत्याचा अभिप्राय मागण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थेच्या सर्वसाधारण सभेला तसा ठराव करता येईल.

सदनिका एका कुटुंबाच्या मालकीची असली, तरी तिचा स्लॅब हे खालच्या कुटुंबाचे छत असते. कल्याण आणि गुरुग्राम येथील दुर्घटनांनंतर निदान जुन्या इमारतींत तरी फरशी फोडण्यापूर्वी त्या छताची तपासणी होणे, ही किमान अपेक्षा ठरावी.