वेतनाच्या सूत्रात आई-बाप बसत नाहीत

आठव्या वेतन आयोगाची अधिसूचना 3 नोव्हेंबर 2025 रोजी निघाली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांना अध्यक्ष नेमले आणि अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलाशी, गँगच्या जेवणाच्या सुट्टीत एकच प्रश्न विचारला जातो: फिटमेंट फॅक्टर किती मिळणार? कोणी दोन म्हणतो, कोणी तीन म्हणतो, मोबाईलवर तर रोज नवा आकडा येतो. आमचे म्हणणे असे की गुणक काय असावा यावर घसा कोरडा करण्याआधी ज्या आकड्याला गुणायचे तो मूळ आकडा कसा बनला ते साथींनी एकदा पाहावे. ज्या सरकारला आपण मायबाप म्हणत आलो, त्याच्या या हिशेबात माय नाही आणि बापही नाही.

हिशेब जुना आहे. जुलै 1957 मध्ये, गुलझारीलाल नंदा कामगार मंत्री असताना, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. कामगाराचे कुटुंब म्हणजे तीन उपभोग एकके. प्रत्येक एककाला दिवसाला 2700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. ही तीन एकके वेतन आयोग अशी फोडतो: कमावणारा 1, बायको 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. झाले तीन. (घरातली बाई पाणी भरते, दळण आणते, पोरांचे करते आणि जेवते मात्र आठ आणे-बारा आण्यांच्या मापाने, हा शोध कोणी लावला ते एकदा विचारले पाहिजे.) म्हातारी आई नाही, थकलेला बाप नाही, नवऱ्याने टाकलेली बहीण नाही.

हे निकष सरकारने सुखासुखी पाळले असे कोणी समजू नये. दुसऱ्या वेतन आयोगाने ते बाजूला सारले म्हणून जुलै 1960 चा पाच दिवसांचा संप झाला. 19 सप्टेंबर 1968 चा एक दिवसाचा संप याच गरजेवर आधारित वेतनासाठी होता. त्यात गोळ्या चालल्या, माणसे मेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वे आणि टपाल खात्यातले आपले जुने साथी त्यात होते. तेव्हा 1957 चे सूत्र आम्ही टाकाऊ म्हणत नाही. ते आपल्या लढ्याने टिकवलेले सूत्र आहे. पण सरकारने ते पाळायला सुरुवात केली ती अशा बेताने की त्यातले कुटुंब 1957 मध्येच गोठून राहावे.

खरे तर 1957 मध्येही ते कुटुंब कागदावरचेच होते. तेव्हा घरोघरी पाच-सहा पोरे होती, सूत्रात दोन धरली. सरासरी आयुष्य चाळिशीच्या आसपास होते. आज काय आहे? महाराष्ट्राचेच घेऊ, कारण आपल्यातले बहुतेक तिथले, मग नोकरी हुबळीला असो, इटारसीला असो की वडोदऱ्याला.

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे शंभरात 8.7 होती. 2011 मध्ये ती 9.9 झाली, म्हणजे एक कोटी अकरा लाख म्हातारी माणसे. साऱ्या देशाचे प्रमाण त्या वेळी 8.6 होते. सरकारच्याच तज्ज्ञ गटाने पुढचा अंदाज बांधला त्यात 2021 साठी महाराष्ट्राचे प्रमाण बाराच्या घरात जाते. उलट बाजूला मुले कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 साली राज्यात एका बाईमागे सरासरी तीनाच्या जवळपास मुले होती, 2019-21 मध्ये 1.7 भरली.

इथेच अर्थ खात्याचा माणूस टेबलावर हात आपटून म्हणतो, बघा, कुटुंब लहान झाले, दोन मुलेही भरत नाहीत, तीन एकके म्हणजे उलट जास्तच देतो आम्ही. वरवर पाहता त्याच्याजवळ आणखी एक पुरावा आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढून 11 कोटी 24 लाख झाली, पण कुटुंबांची संख्या 1 कोटी 91 लाखांवरून 2 कोटी 38 लाखांवर गेली, म्हणजे 25 टक्के वाढ. माणसांपेक्षा घरे भराभर वाढली. एका घरात सरासरी पाचाहून थोडी जास्त माणसे होती ती पावणेपाचाच्या आसपास आली. बीटवरच्या पोस्टमनला हे जनगणनेने सांगायला नको. त्याच्या बीटवरची दारे आणि जिने किती वाढले ते त्याचे गुडघे सांगतात. जागा मात्र वाढल्या नाहीत, पण तो वेगळा लेख होईल.

तर घर लहान झाले हे खरे का? जनगणनेत कुटुंब म्हणजे काय ते पाहा. जी माणसे एकत्र राहतात आणि एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. व्याख्या मोजण्याच्या कामासाठी ठीक आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण त्या व्याख्येतून कोकणाचे काय होते? 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचीही उतरली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका, ठाण्यात 886. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र आपोआप उभे राहते. कमावता गडी दिव्याच्या किंवा नालासोपाऱ्याच्या खोलीत, आई-बाप राजापूर-लांज्याच्या घरात. जनगणनेच्या वहीत ही दोन कुटुंबे, दोन चुली. दोन्ही चुलींत लाकूड घालणारा पगार एकच.

म्हणजे ज्याला सरकार लहान झालेले कुटुंब म्हणते ते पुष्कळदा दुभंगलेले कुटुंब असते, आणि दुभंगल्याने खर्च वाढतो. दोन ठिकाणचे वीजबिल, दोन ठिकाणचा गॅस, दोन छपरांची डागडुजी, गणपती-होळीची जाणी-येणी, आणि रात्री फोन आला की धावपळ. टपाल खात्यातल्या आपल्या माणसांनी तर हा एका पगाराचा दोन घरांतला प्रवास खांद्यावरच्या पिशवीतून वाहिला आहे. जुनी मनीऑर्डर 2015 मध्ये बंद झाली. त्याआधी कित्येक दशके कोकणातल्या आणि घाटावरच्या म्हाताऱ्या पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. त्या मनीऑर्डरींचा नुसता हिशेब जरी आयोगापुढे ठेवला असता तरी कुटुंब कोणाला म्हणतात ते कळले असते. आता पैसे मोबाईलवरून जातात, एवढाच फरक.

मुले कमी झाली याचाही अर्थ उलटा आहे. पूर्वी चार भाऊ होते, तेव्हा आई-बाप वाटून घेता येत, कोणाकडे तीन महिने, कोणाकडे सहा. एक-दोन मुलांच्या घरात तो भार वाटायला भाऊच नाही. आणि हे आई-बाप कोण? बहुतेक शेतकरी, शेतमजूर, गिरणीतून बाहेर पडलेले. पेन्शन नाही. दारिद्र्यरेषेखाली असतील तर राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना 200 रुपये. दोनशे रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्यांचे एक पाकीट येईल, दुसरे येणार नाही. मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हटले की तेही दारातून परत.

आता सरकारचा दुतोंडीपणा पाहा. 2007 मध्ये संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलाने आई-बापांना पोसले नाही तर न्यायाधिकरण त्याला महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावू शकते, आणि वाऱ्यावर सोडले तर तीन महिन्यांची कैद होऊ शकते. कायदा चांगला आहे, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण न्यायाधिकरणात ज्या आई-बापांसाठी दहा हजार निघतात, त्यांच्यासाठी वेतन आयोगात शून्य निघते, हे कसे? रेल्वेचे तर विचारूच नका. 1986 च्या पास नियमांत अवलंबित नातेवाइकाची व्याख्या केली ती वडील हयात नसलेल्या कर्मचाऱ्यापुरती. बाप मेल्यावर आई अवलंबित, तोवर ती कोणाची?

सरकारला हे माहीत नव्हते असेही नाही. केंद्र सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 मध्ये अहवाल दिला आणि तीनऐवजी 3.6 एकके धरा असे सुचवले. समिती सरकारची, आकडे सरकारच्या पाहण्यांचे. तरी 2020 मध्ये वेतन संहितेच्या नियमांचा मसुदा निघाला तेव्हा त्यात पुन्हा नवरा, बायको, दोन मुले, तीन एकके. 72 वार कापडाचे 66 मीटर करायला अधिकारी विसरले नाहीत.

आम्ही एक ढोबळ हिशेब मांडतो. सातव्या आयोगाने तीन एककांवर 1 जानेवारी 2016 पासून किमान वेतन 18,000 ठरवले. म्हणजे एका एककाला 6,000. त्यात दोन म्हाताऱ्यांना नातवंडांइतकेच, प्रत्येकी 0.6 धरले तर एकके होतात 4.2 आणि वेतन होते 25,200. जेसीएमच्या कर्मचारी पक्षाने त्या वेळी मागितले होते 26,000! तेव्हा ती मागणी हवेतली होती म्हणणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा करून पाहावा. त्या मागणीसाठी 11 जुलै 2016 पासूनचा बेमुदत संप ठरला होता. मंत्र्यांच्या समितीच्या आश्वासनावर तो पुढे ढकलला गेला, आणि 18,000 चे 18,000 च राहिले. आश्वासनांच्या भाकरीवर कामगाराने किती वेळा जेवायचे ते आपल्या नेत्यांनीही ठरवावे, हे आम्ही आपल्याच पानावर स्पष्ट लिहितो.

ग्रामीण डाक सेवकांची तर याच्यातही गणती नाही. ते वेतन आयोगाच्या बाहेर. 2018 च्या दराने चार तासांच्या डाक सेवकाला 10,000 आणि शाखा डाकपालाला 12,000 ठरले. खेड्यात आई-बापांजवळ राहून त्यांना पोसणारा आपल्यात कोणी असेल तर तो हाच माणूस, आणि त्याच्या कुटुंबाचे सूत्र कोणी मांडलेलेच नाही.

पुढची अडचण मुदतीची आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. 16 जून 2025 ला अधिसूचना निघाली ती 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून. कोणत्या घरात किती म्हातारी माणसे, कोण कोणावर अवलंबून, हे तक्ते तयार व्हायला त्यानंतर बराच काळ लागतो. आयोगाची मुदत मात्र 2027 च्या मध्यालाच भरते. म्हणजे पुन्हा 2011 चे आकडे किंवा त्यांवरचे अंदाज. त्यातही दुसऱ्या चुलीवरचे आई-बाप दिसणार नाहीत, कारण जनगणना चूल मोजते, पगार कुठवर पोचतो ते मोजत नाही.

ते मोजण्याचे काम युनियननेच केले पाहिजे. प्रत्येक शाखेने सभासदवार एक साधी वही घालावी: आई-वडील हयात आहेत का, कुठे राहतात, त्यांना पेन्शन आहे का, दरमहा किती पैसे जातात, गेल्या वर्षी औषधपाण्याला किती लागले. सासू-सासऱ्यांना पोसणाऱ्या भगिनींनी तेही लिहावे. नावे बाहेर देऊ नयेत, बेरजा द्याव्यात. ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन, एम.टी.एस., डाक सेवक यांच्या बेरजा वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि विभागीय सचिवांमार्फत महासंघाकडे पाठवाव्यात. कर्मचारी पक्षाच्या निवेदनाला या बेरजा जोडल्या गेल्या पाहिजेत, आणि सूत्रातल्या तिनाच्या आकड्यावर सही करायला कोणी बसला तर त्याच्यासमोर त्या वाचून दाखवल्या गेल्या पाहिजेत.