सूर्येच्या पाण्याचा पहिला हक्क

मनोरच्या उत्तरेस मेंढवण खिंडीतील डोंगर पोखरून आणि पुढे तुंगारेश्वराच्या पोटातून बोगदा काढून सूर्या नदीचे पाणी शहरांकडे नेणारी योजना स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने निःसंशय प्रशंसनीय आहे. कारण दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी, त्यांपैकी १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला, पुरविण्याची तिची क्षमता आहे. शहरवासीयांची तहान खोटी आहे, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

परंतु सूर्येवरील ज्या धामणी धरणाची उभारणी डहाणू, पालघर व विक्रमगड तालुक्यांतील, प्रामुख्याने आदिवासी रयतेच्या शेतीला पाणी मिळावे या हेतूने झाली, त्याच धरणाचे पाणी दूर जात असता लाभक्षेत्रातील शेतकऱ्याने कालव्याच्या दुरुस्तीसाठी दफ्तरांचे उंबरठे झिजवावेत, हा कारभार न्यायाला धरून नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशा कारभारावरील कायमचा अभिप्राय होय.

म्हणून सरकारने दोन गोष्टी कराव्यात, असे आमचे मत आहे. शहरांकडून वसूल होणाऱ्या पाणीपट्टीचा ठराविक हिस्सा कालव्यांची देखभाल आणि जलवाहिनीलगतच्या गावांची नळयोजना यांसाठी राखून ठेवण्याची तरतूद करावी. आणि प्रत्येक हंगामात शेतीस किती व शहरांस किती पाणी सोडले, याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. वाटणी उघड असली, म्हणजे त्यागही स्वेच्छेने होतो. ती झाकलेली राहिली, तर त्यालाच लूट म्हणण्याची पाळी येते.