मैलाची मजुरी, तासांची वेठ

अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत ‘फ्लॅटबेड’ या नावाने ओळखली जाणारी एक मालमोटार आहे. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. पुढे ओढणारे यंत्र आणि मागे अठ्ठेचाळीस किंवा त्रेपन्न फूट लांबीची उघडी सपाट फळी, एवढाच तिचा संसार. पोलादाच्या गुंडाळ्या, इमारती लाकूड, सळया, शेतीची अवजड यंत्रे असा बंद पेटाऱ्यात न मावणारा माल ती वाहते. गाडी आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, ही आंतरराज्य महामार्गांवरील सर्वसाधारण कमाल मर्यादा. उद्योगप्रधान राष्ट्राचा सांगाडा या उघड्या गाड्यांवरून हलतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या गाडीचा चालक केवळ चालक नसतो. अठरा-वीस टनांची पोलादी गुंडाळी साखळदंडांनी जखडणे, पट्टे आवळणे, कोपऱ्यांना आधार देणे आणि मालावर चढून जाड, वजनदार ताडपत्री पसरणे ही कामे बहुधा त्यालाच करावी लागतात. वारा, पाऊस, बर्फ यांपैकी काहीही असो, ताडपत्री घालायचीच. पाय घसरला तर खाली काँक्रीट असते. पट्ट्यांची आणि साखळ्यांची एकत्रित क्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये, असा तेथील नियम आहे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत आणि नंतर साधारणतः दर १५० मैलांना किंवा तीन तासांनी बांधणी तपासण्याची जबाबदारीही चालकावरच आहे. माल सुटून रस्त्यावर पडला तर दोष प्रथम त्याच्या माथी येतो.

प्रश्न असा की, या श्रमाचे मोल कोण देतो? लांब पल्ल्याच्या बहुसंख्य कंपन्यांत वेतन मैलावर ठरते. चाक फिरले तर मजुरी, थांबले तर नाही. ताडपत्रीसाठी काही कंपन्या ठोक रक्कम देतात. पण कारखान्याच्या फाटकापाशी रांगेत गेलेला वेळ, विशेषतः पहिले दोन तास, बहुधा हिशेबाबाहेरच राहतो. उदाहरणादाखल मैलाला ६० सेंट हा दर धरू. चालक १४ तास कामावर आहे. त्यातील सात तास गाडी धावली आणि ४०० मैल झाले. कमाई २४० डॉलर. धावण्याचेच तास मोजले, तर तासाला ३४ डॉलर पडतात. सर्व तास मोजले, तर केवळ १७. उरलेले सात तास त्याने बांधाबांध केली, ताडपत्री ओढली, वाट पाहिली. ती श्रमशक्ती मालकाला आणि मालाच्या धन्याला जवळजवळ फुकट मिळाली. फुकट मिळणारी वस्तू कोणी जपून वापरत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. चालकाच्या वेळेची उधळपट्टी होते, ती याच कारणाने.

नगावारी मजुरी हे वेळेच्या मजुरीचेच बदललेले रूप आहे आणि त्या रूपात कामगार स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले. मैलाची मजुरी हा त्याचा चाकांवरचा अवतार होय. मालक शेकडो मैल दूर असतो. देखरेख करण्याची त्याला गरजच नसते. घरभाडे आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालकाला पुढे हाकत असतात.

कायद्यानेही येथे कामगाराची बाजू घेतलेली नाही. १९३८ च्या संघराज्य श्रमकायद्याने आठवड्याच्या ठरावीक तासांपलीकडील कामाला दीडपट वेतन दिले. परंतु आंतरराज्य मालमोटारींचे चालक त्यातून वगळले गेले. हा अपवाद दूर करणारे विधेयक २०२२ साली मांडले गेले, पण त्या काँग्रेसच्या मुदतीत ते संमत झाले नाही. सुरक्षिततेच्या नियमाने मात्र त्याचे तास बांधून टाकले आहेत: कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत फार तर ११ तास गाडी चालवायची. गोदामाने चार तास अडवून ठेवले, तर घड्याळ थांबत नाही. थांबते ती कमाई. मग उरलेल्या वेळात मैल भरून काढण्याची घाई होते. थांबण्याच्या वेळेत १५ मिनिटांची वाढ झाली की अपघातांचे सरासरी प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, असा अंदाज अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली वर्तवला. चालकांचे यात वर्षाला ११० ते १३० कोटी डॉलरचे नुकसान होते, असेही त्याच अहवालात नमूद आहे. म्हणजे फाटकापाशी वाचवलेल्या पैशाची किंमत महामार्गावर रक्ताने चुकवली जाते.

ही स्थिती निसर्गनियमाने आलेली नाही. १९३४ साली मिनिआपोलिसच्या मालमोटार कामगारांनी पोलिसांच्या गोळ्या झेलून संप जिंकला. त्या लढ्यातून पुढे आलेल्या फॅरेल डॉब्स यांनी लांब पल्ल्याच्या विखुरलेल्या चालकांना संघटित केले आणि १९३८ साली अकरा राज्यांसाठी एकच करार घडवून आणला. १९६४ साली टीमस्टर्स संघटनेने राष्ट्रव्यापी करार केला. त्याच्या छत्राखाली चार लाखांहून अधिक कामगार आले. त्यानंतर १९८० साली कार्टर यांच्या कारकिर्दीत वाहतुकीवरील नियंत्रणे उठली. नव्या बिनसंघटित कंपन्यांनी दर पाडले, जुन्या बुडाल्या आणि चालकांचे वास्तव वेतन दोन दशके घसरत गेले. मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञाने, जो पूर्वी स्वतः मालमोटार चालवीत असे, २००० साली आपल्या ग्रंथात या गाड्यांना चाकांवरचे घामाचे कारखाने म्हटले. २०२३ साली यलो ही जुनी कंपनी बंद पडली, तेव्हा सुमारे ३०,००० कामगार एकदम रस्त्यावर आले.

नियंत्रणाच्या काळात दर ठरवणारी मंडळे मालकांचीच होती, टीमस्टर्सच्या नेतृत्वात भ्रष्टाचार बोकाळला होता आणि नियंत्रणे उठल्यावर वाहतूक स्वस्त झाली, असा प्रतिवाद केला जातो. तो खोटा नाही, आणि समाजवाद्यांनी तो नाकारण्याचे कारणही नाही. परंतु स्वस्ताईचा किती भाग कार्यक्षमतेतून आला आणि किती चालकाच्या न मोजलेल्या तासांतून, हे विचारल्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही. संघटना भ्रष्ट झाली तर तिच्यात लोकशाही आणावी लागते. तिच्या नावाखाली कामगाराला निःशस्त्र करणे हा उपाय नव्हे.

मालक म्हणतात, चालकांचा तुटवडा आहे. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांतील चालक सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण कित्येक वर्षे ९० टक्क्यांच्या आसपास राहिले. ज्या घरातून माणसे सतत पळतात, तेथे माणसांचा नव्हे, माणुसकीचा तुटवडा असतो. तोच माल दुसऱ्या नावाने विकावा, तशी काही कंपन्यांनी ‘स्वतः मालक व्हा’ ही योजना काढली. कंपनीचीच गाडी चालकाच्या गळ्यात हप्त्यांवर बांधायची. इंधन, दुरुस्ती, विमा त्याच्या माथी आणि माल मात्र कंपनी देईल तोच. वेठबिगारीला उद्योजकतेची झूल चढवली म्हणून ती वेठबिगारी राहत नाही असे नाही.

मार्गावरील तास मोजता येत नाहीत, म्हणून मैल मोजावे लागतात, हे जुने समर्थनही आता उरलेले नाही. २०१७ च्या डिसेंबरपासून तेथील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत विद्युत नोंदयंत्र सक्तीचे झाले. गाडी केव्हा चालली, केव्हा आणि कोठे थांबली, हे यंत्र सांगते. दंड करण्यासाठी जे यंत्र विश्वासार्ह आहे, ते वेतन देण्यासाठी अविश्वासार्ह कसे? तेव्हा मागणी सरळ आहे: कामाच्या प्रत्येक तासाला मजुरी, जादा तासाला जादा मजुरी आणि खोळंब्याचा भार खोळंबा करणाऱ्यावर.

भारतातील कार्यकर्त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने येथे आठ तासांचा दिवस घातला. पण फेरीवर मजुरी घेणाऱ्या, गाडीतच झोपणाऱ्या चालकापर्यंत तो दिवस क्वचितच पोहोचला. मिनिआपोलिसचा धडा दोन्हीकडे एकच आहे. रस्त्यावर विखुरलेला कामगार संघटित होऊ शकत नाही, हे मालकांचे आवडते गृहीतक तेथील चालकांनी एकदा खोटे पाडले आहे. जे एकदा खोटे पडले, ते पुन्हा खोटे पाडता येते. त्यासाठी कार्यकर्त्याला सभागृह सोडून गोदामाच्या फाटकापर्यंत आणि धाब्यापर्यंत जावे लागेल.