पाव वाटा, पूर्ण आनंद

या दिवाळीत भाच्याने आम्हाला पोकरचा एक प्रकार शिकवला, ओमाहा हाय-लो. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे, एवढीच माझी अट. आयुष्यभर सत्ती लावणी आणि रमी खेळलेल्या माणसाला पन्नाशीनंतर हे शिकताना चांगलाच घाम फुटला.

प्रत्येकाच्या हातात चार पाने, टेबलावर पाच उघडी. हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन घेऊन पाचांचा संच करायचा. टेबलावर चार बदाम आणि माझ्या हाती बदामाचा एक्का, म्हणून मी मोठ्या ऐटीत पाने उघडली. हातात दुसरा बदाम नव्हता, त्यामुळे फ्लश झालाच नव्हता! अर्धवट वाचलेला रिपोर्ट असाच अंगाशी येतो.

मधल्या ढिगाचे दोन भाग होतात. निम्मा सर्वांत भारी संचाला, निम्मा सर्वांत हलक्याला. हलक्या संचात पाचही पाने वेगवेगळी हवीत आणि अठ्ठीच्या वरचे एकही नको. एक्का इथे सर्वांत लहान. टेबलावर अठ्ठी किंवा त्याखालची तीन वेगवेगळी पाने आली नाहीत, तर हलका संच कुणाचाच होत नाही आणि सगळा ढीग भारी संचवाल्याचा.

नवखा माणूस एक्का-दुर्री दिसली की हरखतो. मीही हरखलो. आम्ही तिघांनी प्रत्येकी चाळीस चिंचोके घातले, ढीग एकशेवीसचा. भारी संचाचे साठ भाच्याने नेले. उरलेले साठ माझे, असे वाटत असतानाच बहिणीनेही एक्का-दुर्री दाखवली. साठाचे दोन भाग झाले आणि माझ्या वाट्याला तीस आले. मी ते हसत हसत पुढ्यात ओढले. चाळीस घालून तीस आले होते, म्हणजे दहा गेले होते. पण मनाने नोंद केली ती ‘जिंकलो’ अशीच.

मला डॉक्टर म्हणून रस आहे तो या क्षणात. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये स्लॉट मशीनवर खेळणाऱ्यांच्या त्वचेचा विद्युत प्रतिसाद मोजला होता. लावल्यापेक्षा कमी पैसे परत आले, पण दिवे लागले आणि संगीत वाजले, तर शरीर जवळपास खऱ्या जिंकण्यासारखेच उत्तेजित होते. पोकरच्या टेबलावर दिवे नसतात, पण पुढ्यात येणारा ढीग तेच काम करत असावा, असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी ओपीडीत एक तरुण आला होता. झोप नाही, पोटात जळजळ. तपासण्या नॉर्मल. पत्नी बाहेर गेल्यावर म्हणाला, “रात्री मोबाईलवर पैशांचे पत्ते खेळतो, पण डॉक्टर, मी बहुतेक दिवस जिंकतोच.” त्याला म्हटलं, “महिनाभर वही ठेवा. एका बाजूला घातले किती, दुसऱ्या बाजूला आले किती.” वही घेऊन तो परत आला तेव्हा ‘जिंकलेल्या’ दिवसांपैकी बरेचसे तोट्याचे निघाले. आधी तो खोटे बोलत नव्हता. त्याने फक्त दुसरीच बाजू मोजली होती. त्याला मी मानसोपचार विभागात पाठवले. जुगाराचे व्यसन हा आजार आहे, अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला व्यसनांच्याच गटात घेतले, हे अजूनही अनेक घरांत पटत नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, ते योग्यच झाले; पण कायद्याने सवय सुटत नाही. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे नातेवाईकही बोलू शकतात.

मग हा खेळ वाईट का? माझे मत तसे नाही. पैसे बाजूला ठेवले, तर एकाच वेळी दोन दिशांनी विचार करायला लावणारा असा बैठा खेळ मी क्वचितच पाहिला. पत्त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र मी कुणाला सांगणार नाही. जाणकार खेळाडू निम्म्या वाट्यासाठी पाने धरत नाहीत, दोन्ही बाजू जिंकण्याची शक्यता असेल तरच पुढे जातात. नुसत्या एक्का-दुर्रीवर ढीग वाढवला, तर बहुधा पाव वाटाच हाती येतो. शिवाय टेबलावर आणखी एक दुर्री पडली, की हातातली दुर्री हलक्या संचासाठी वायाच.

भाऊबीजेच्या रात्री मी एक्का-दुर्री असलेली पाने चिंचोके न वाढवता टाकून दिली. भाचा म्हणाला, “मामा, आता तुला खेळ कळला.” तेव्हा माझ्याकडे अकरा चिंचोके उरले होते.