शाळा सुटल्यावर हा पोट्टा कुणाचा?

आमच्या कळमन्यात भडकणाऱ्या, हट्टी, हात उगारणाऱ्या पोट्ट्याला दोनच नावं मिळतात. शाळेत असेपर्यंत ‘मस्तीखोर’, शाळा सुटली की ‘पागल’. त्याला वर्तनाचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार असतात, हे बोलायला मोहल्ल्यात कुणी तयार नाही.

कायदाही इथेच हात सोडतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाची हमी आहे ती 18 वर्षांपर्यंत. त्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण वर्तनविकाराचं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्र हवं तर ‘मानसिक आजार’ या रकान्यात बसवून दाखवा. चार घरची धुणीभांडी करणारी अम्मी हे कधी करणार?

पण सरकारला शिव्या देऊन आपण सुटत नाही. आपले उपाय काय आहेत? पहिला, ‘शादी करून द्या, सुधरेल.’ ज्याला स्वतःचा राग आवरत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याची लेक द्यायची? निकाह हा करार आहे. मुलाची हालत लपवून केलेला करार म्हणजे फसवणूक.

दुसरा उपाय दर्ग्याचा. दुआ जरूर मागा. पण 2001 साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि 28 रुग्ण मेले. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळताही आलं नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी केली, ती उगाच नाही.

आणि ज्या ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला आपण ताजबागेत गर्दी करतो, त्यांना 1892 साली नागपूरच्याच पागलखान्यात डांबलं होतं. बाबा आजारी होते असं मी म्हणत नाही. माणूस समजून न घेता त्याला ‘पागल’ ठरवण्याची सवय किती जुनी आहे, एवढंच सांगतो.

मग करायचं काय? उपचारासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय याच शहरात आहे. तिथे जायची लाज वाटत असेल तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी बोला. गरीब घरातल्या मुलाच्या औषधाला जकात का लागू नये?

आणि त्याला काम द्या. कळमना बाजारात धान्य, मिरची, संत्री उतरतात. लिलावाच्या गोंगाटात त्याला उभं करू नका, गोदामात पोती मोजायला, शिवायला ठेवा. वेळ ठरलेली, एका वेळी एकच काम, शिकवणारा एकच उस्ताद. पहिल्या भांडणावर हाकलू नका; थोडं बाजूला बसवा, पाणी द्या, परत कामाला लावा.

आपण नाही बोलावलं तर नाक्यावरचा गांजावाला त्याला बोलावतोच. तो प्रमाणपत्र मागत नाही. मशीद कमिटीने आणि आपल्या अडत्यांनी या रमजानआधी मोहल्ल्यातल्या अशा पाच मुलांची जबाबदारी घेऊन दाखवावी. तकरीर नंतर ऐकू.