गुळवेलीची मागणी आणि संग्राहकाचा वाटा

संगणक आणि मोबाईल खेड्यात पोहोचले की समृद्धी आपोआप मागून येईल, असे विधान अलीकडे प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. त्याची परीक्षा करण्यास आपल्या व्यवसायाजवळ घरचेच उदाहरण आहे. ते आहे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचे आणि आपल्या नित्य वापरातील गुळवेलीचे.

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, हे या भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना ठाऊक आहेच. अशा समाजातील तरुणांनी सुनील पवार यांच्या पुढाकाराने आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत गुळवेल गोळा करून विकण्यास प्रारंभ केला. आरंभी स्थानिक बाजारात कच्चा माल विकला गेला. पुढे २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेचा आधार मिळाला, संकेतस्थळही तयार झाले. डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या कंपन्यांकडून या गटास ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही घटना निःसंशय अभिनंदनीय आहे. पूर्वी ज्यांना तालुक्याच्या व्यापाऱ्यापलीकडचा ग्राहक माहीत नव्हता, त्यांच्याशी देशातील मोठ्या औषधनिर्मात्यांनी थेट व्यवहार केला. परंतु येथेच थांबून टाळ्या वाजविणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. थोडा हिशेब मांडू. वरील आकड्यांवरून किलोमागे सुमारे ४५ रुपये पडतात. २०२० मध्ये केंद्र शासनाने गुळवेलीचा किमान आधारभाव २१ रुपयांवरून ४० रुपये केला होता. त्या मानाने हा दर बरा. मात्र तो वाळलेल्या मालाचा मानला आणि ओली गुळवेल वाळून चतुर्थांश उरते असे धरले, तर ओल्या किलोमागे ११ रुपये येतात. त्यातूनच तोडणी, तुकडे करणे, वाळवणे, पोती आणि वाहतूक यांचा खर्च भागवावयाचा. तीच गुळवेल चूर्ण, घनवटी वा सत्त्व होऊन आपल्या औषधालयाच्या फडताळावर येते तेव्हा तिची किंमत काय असते, हे वाचकांस सांगावयास नको.

तात्पर्य असे की संकेतस्थळाने ग्राहक दिला. मूल्यवृद्धी दिली नाही. ती कुटण्या-दळण्याच्या यंत्रात, कोरड्या गोदामात आणि तपासणीच्या सोयीत असते. दुसरी उणीव खेळत्या भांडवलाची. संग्राहकास संध्याकाळी रोख पैसे लागतात. कंपनीचे देयक यथावकाश बँकेत जमा होते. मधल्या दिवसांत घर चालविणारा व्यापारी वा उचल देणारा भट्टीमालक यांची पकड केवळ मोबाईलने सुटत नाही. तात्काळ मोबदला देण्याइतकी रक्कम गटाजवळ असेल, तरच बाजारभावाची माहिती त्यांच्या उपयोगी पडते.

आता आपल्या बाजूचा विचार करू. आपल्याकडे येणाऱ्या वनस्पतीच्या पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव असते. वनाचे, गावाचे, तोडणीच्या ऋतूचे नसते. सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागीय अध्याय लिहिला तो द्रव्याचा देश आणि काल वैद्याने जाणावा म्हणून. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना ओषधींचे नाम आणि रूप ठाऊक असते, असे म्हटले आहे. त्यांचा योग जाणणे हे वैद्याचे कार्य. मधली बाजारपेठ वाढत गेली तशी नामरूप जाणणारा आणि योग जाणणारा यांची ओळखच उरली नाही.

त्याची किंमत लहान नाही. कोरोना साथीत गुळवेलीचा खप वाढला आणि २०२१ मध्ये तिचा संबंध यकृतविकाराशी जोडणारे निबंध प्रसिद्ध झाले. त्यावर आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही गुळवेल सुरक्षित आहे, परंतु तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते. वेलीवर पान असताना ती ओळखणे जाणत्यास कठीण नाही. वाळलेल्या तुकड्यांच्या पोत्यात ते दुष्कर होते. म्हणजे रुग्णाची सुरक्षितता वेल तोडणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे, आणि आपण त्या नजरेचा मोबदलाच देत नाही.

आमच्या मते अंकीय साधनांचा खरा उपयोग येथे आहे. वेलीचे पानांसह छायाचित्र, गाव, तोडणीची तारीख, वाळविल्यानंतरचे वजन आणि संग्राहकास दिलेला दर, एवढी नोंद साध्या मोबाईलवर होऊ शकते. पाड्यावर नेटवर्क नसेल तर ती गावात आल्यावर पाठविता येते. वनहक्क कायदा, २००६ ने पात्र वनवासींना गौण वनोपजाचे स्वामित्व दिले आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावयाचा आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधील काही गावेच त्यात येतात. तथापि वनहक्क कायद्यास ही सीमा नाही. या परवान्याची प्रत मालाबरोबर मागितली, तर द्रव्याचा देशही कळेल आणि ग्रामसभेचा अधिकारही कागदावरून व्यवहारात उतरेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, नोंद खोटीही भरता येते. हे मान्य, म्हणूनच वैद्याने वर्षातून एकदा तरी वनात जाऊन नमुना पाहावा आणि तोडणी करताना मूळ व खालचे खोड राखले जाते की नाही हेही तपासावे. दुसरा, लहान औषधालयास हा माल महाग पडेल. एकट्यास पडेलच. परंतु एका तालुक्यातील दहा-पंधरा वैद्य आणि फार्मसीचालकांनी वर्षाची गरज एकत्र नोंदविली, त्यातील काही रक्कम तोडणीपूर्वी आगाऊ दिली, तर मधले हात कमी होऊन दरातील वाढ बऱ्याच अंशी भरून निघेल. ही आगाऊ रक्कमच संग्राहकाचे खेळते भांडवल ठरेल.

तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईस पाजणाऱ्या शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वनौषधींच्या बाबतीत तेच घडावयाचे नसेल, तर केवळ वाहिनी टाकून भागणार नाही. उगमाशी वाटा ठेवावा लागेल. आपल्या संघटनेच्या ठाणे जिल्ह्यातील सभासदांनी येत्या तोडणीच्या हंगामापूर्वी गुळवेल या एकाच द्रव्याची सामूहिक मागणी नोंदवून हा प्रयोग करावा, असे आमचे आग्रहाचे आवाहन आहे. आणि तोपर्यंत, पुढचे पोते उतरवून घेताना व्यापाऱ्यास इतके तरी विचारावे: ही वेल कोणत्या गावची, आणि तोडणाऱ्याच्या हाती किती पडले?