मुक्या जिवाचे रात्रीचे दुखणे

आपल्या वस्त्यांमधून कुत्री-मांजरे पाळणारी घरे काही कमी नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, तरी दाराशी एखादा मोती नाहीतर मनी असतेच. मुलांनी पिल्लू उचलून आणलेले असते, आजी त्याला भाकरीचा तुकडा घालते आणि बघता बघता ते घरातलेच होऊन जाते. मात्र त्याचे दुखणे आले की घरात दोन तट पडतात. “जनावरापायी एवढा पैसा कशाला?” असे कुणीतरी म्हणते आणि मुले रडू लागतात. त्यातून दुखणे रात्रीचे असेल तर सरकारी दवाखाना बंद असतो, नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. वाचकहो, या आठवड्यात आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, आत्ताच न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे? रात्रीच्या दवाखान्याची फी दिवसापेक्षा जास्त असते, म्हणून हे नीट कळले पाहिजे. एखादी उलटी झाली, एक वेळ जेवले नाही, थोडे लंगडते, पण पाणी पिते आणि हाक मारली की शेपूट हलवते, तर सकाळची वाट पाहायला सहसा हरकत नाही. पण पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका.

श्वास घेताना धाप लागणे. हिरड्या गुलाबी न राहता पांढऱ्या किंवा निळसर पडणे. वाहनाची धडक बसणे, मग वरून जखम दिसो वा न दिसो. पाच मिनिटांत न थांबणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी फीट. उंदराचे औषध पोटात जाणे. मोठ्या कुत्र्याचे पोट फुगून ओकारी येणे, पण बाहेर काहीच न पडणे. यात काही तासांत जीव जातो. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून बसू नका. लघवी तुंबली आहे आणि एक-दोन दिवसांत ती जिवावर बेतते. लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब होत असतील तर तो बहुधा पार्व्हो असतो. त्यात अंगातले पाणी झपाट्याने जाते आणि सकाळपर्यंत पिल्लू हाती लागेलच असे नाही.

आता घरगुती उपायांविषयी. आपल्या घरात तापावर पॅरासिटामॉलची गोळी असतेच. ती मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. विष खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजू नका, त्यानेच विषबाधा होऊ शकते. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असेल तर उलटी मुळीच करवू नका. फीट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने काही होत नाही. आजूबाजूच्या वस्तू बाजूला सारा, तोंडात हात घालू नका आणि किती वेळ चालली ते घड्याळात पाहा. उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधलेला कुत्रा धापा टाकत कोसळला तर साधे पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच न्या.

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा. डॉक्टर हजर आहेत का, तपासणी फी किती, हे विचारा. सोबत लसीचे कार्ड, खाल्लेल्या औषधाचे पाकीट आणि जुने कागद घ्या. अपघात झालेल्या कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीत उचला. दुखत असताना घरचा कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला कापडाची पट्टी सैलसर बांधा. पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका. मांजराला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा. रिक्षावाला नाही म्हणतो तो बहुधा सीट खराब होईल म्हणून. जुनी चादर अंथरतो असे आधीच सांगितले की बरेच जण तयार होतात.

तेथे पोहोचल्यावर आधी आलेल्याचा नंबर आधी, असे नसते. जास्त अत्यवस्थ जनावर आधी घेतात, त्यावरून भांडू नये. खर्चाचे बोलायला मात्र लाजू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न सरळ विचारा. वाचण्याची आशा किती? आज रात्री काय केलेच पाहिजे आणि काय उद्यावर चालेल? एकूण किती लागतील? आपल्याजवळ किती आहेत तेही सांगा. रात्री सलाईन, इंजेक्शन देऊन जीव सावरायचा आणि सकाळी सरकारी दवाखान्यात पुढचे उपचार घ्यायचे, असा मार्ग पुष्कळदा निघतो. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांतही जनावरांवर उपचार होतात.

मुंबईच्या गिरणगावातील जुन्या माणसांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहे. १८८० च्या दशकातील या रुग्णालयाचे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्यावरून पडले. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. गावाकडे गाय, म्हैस, शेळीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फिरते पशुवैद्यकीय पथक दारापर्यंत येते, पण रात्री येईलच असे धरून चालू नका. वेळ दिवसाच विचारून ठेवा.

एक सावधगिरी माणसांसाठी. कुत्रा अचानक विचित्र वागू लागला, लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, तर हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. चावला किंवा ओरखडा काढला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ही लस दिलीच पाहिजे. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. एका रात्रीच्या खर्चापुढे या लसी फार स्वस्त आहेत.

कधी कधी डॉक्टर सांगतात की आता वाचणार नाही, इंजेक्शन देऊन वेदना संपवू. मग कर्ज काढून चार दिवस ओढायचे की शांतपणे जाऊ द्यायचे? याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतः द्यायचे आहे. जाऊ दिले म्हणून कुणी निर्दय ठरत नाही आणि आपल्या ऐपतीत राहून खर्च केला म्हणून कुणी वेडा ठरत नाही. मुलांना मात्र “पळून गेला” असे खोटे सांगू नका. त्यांना शेवटचा हात फिरवू द्या, रडू द्या. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरून ठेवले, ते आपल्या मुलांनाही ठाऊक असू द्या.

भगिनींनो, आजच एक काम करा. जवळच्या रात्रीच्या दवाखान्याचा नंबर शोधून, फोन करून खात्री करा आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. शेजारच्या घरीही द्या. दर महिन्याला वीस-पंचवीस रुपये एका डब्यात टाकत गेलात तर रात्री बारा वाजता कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.